चेंडूंवरचा ड्रमसेट

"…आणि एवढं सगळं जोडूनही आवाज पोकळच का येतो, मास्तर?"

शमुवेल मास्तर सेटकडेच बघत राहिले. चाळीस वर्षं मिरजेच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवून त्यांचा एक कान गेला होता आणि दुसरा अर्धाच उरला होता. त्यांना ऐकू आलं की नाही, हे समोरच्याला लवकर कळायचं नाही.

भरतेशनं तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला.

"आलं की ऐकू. बघतोय."

बघण्यासारखं होतंच. पाच पॅडचा साधा इलेक्ट्रॉनिक ड्रम भरतेशच्या घरात आला, त्याला तीन वर्षं झाली होती. आता अकरा पॅड, चार झांजा आणि पायाखाली दोन पेडल. बसायला आत शिरायचं तर अंग चोरावं लागायचं. यातलं निम्मं सामान गेल्या आठ महिन्यांतलं, म्हणजे त्याचे वडील, अण्णा, वारल्यानंतरचं.

आणि या आठ महिन्यांत त्याला एकही गाणं शेवटपर्यंत वाजवता आलं नव्हतं. हात मध्येच थांबायचे. हात थांबले की तो नवा पॅड मागवायचा.

"आता फक्त आवाज काढणारी मोठी मशीन राहिलीय," भरतेश म्हणाला. "ती आणली की होईल ना?"

"वाजव."

भरतेशनं हेडफोन चढवले आणि वाजवायला लागला. खोलीत नुसती रबरावर काठ्यांची टपटप. मास्तर खाली बसले आणि त्यांनी फरशीला तळहात लावला. कान गेल्यापासून ते असंच ऐकायचे.

थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. भरतेश थांबला.

"पाय मारतोयस ना?"

"मारतोय की."

"इथं काही पोचंना."

भरतेश खुलला. तीच तर त्याची करामत होती. सगळा सेट त्यानं एका फळीवर चढवला होता. खाली एक प्लाय, वर एक प्लाय, आणि मध्ये भोकं पाडून बसवलेले चोवीस टेनिसचे चेंडू. पायाचा दणका सगळा चेंडूच गिळायचे.

"अण्णांसाठी केलं होतं," तो म्हणाला. "पलीकडच्या खोलीत पडून असायचे. डावी बाजू गेलेली. हेडफोन लावले तरी पायाचा धक्का फरशीतून, भिंतीतून जायचा. म्हटलं, आजारी माणसाला त्रास नको. आठवडाभर खपलो. त्यानंतर शेवटचं वर्षभर अण्णांपर्यंत एक ठोका गेला नाही, मास्तर. एकसुद्धा."

काम खरंच चोख होतं. वाईट वाटतं ते त्याचंच.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पलीकडच्या खोलीत गेले. भरतेश मागोमाग गेला.

अण्णांची खाट अजून भिंतीलगत तशीच होती. खाटेवर भरतेशची आई ताटात तूरडाळ निवडत बसली होती. तिच्या मागं, उशीच्या उंचीवर, भिंतीवर एक काळपट डाग होता. तळहाताएवढा.

"हे काय, वहिनी?"

"ते व्हय, रंग द्यायचाय मास्तर त्याला," भरतेशच मध्ये बोलला.

"तेल हाय," आई म्हणाली. "सकाळी मी यांच्या हाताला चोळायची. हा वाजवायला बसला की हे उजवा हात भिंतीला लावून पडायचे."

"कशाला?"

"भिंतीतून ठोका हाताला लागायचा म्हणे. लागला की म्हणायचे, आलं बघ पोरगं. आणि बोटांनी ठेका धरायचे… तेवढाच वेळ बरे असायचे."

भरतेश दारातच थांबला.

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग एक दिवस म्हणाले, सोडलं व्हय गं त्यानं वाजवायचं? मी म्हटलं, वाजवतोय की, आत्ता बघून आले. त्यांना काय पटलं न्हाई. रोज हात लावून बघायचे. म्हणायचे, माझ्या दुखण्यापायी पोरानं सोडलं…"

 ताटातली डाळ तिनं उगाच एका बाजूला सारली.

"मला वाटलं, हाही हात गेला त्यांचा. हाताला कळंना झालंय, असं वाटलं बघा. म्हणून कुणाला बोललेच न्हाई."



भरतेश उंबऱ्यातच खाली बसला. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी त्याला गप्प केलं नाही. 

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "चल. फळी काढू."

दोघांनी सेट उतरवला. वरचा प्लाय उचलला तसे चोवीस चेंडू घरभर पळाले. एक अण्णांच्या खाटेखाली जाऊन थांबला. तो कुणी उचलला नाही.

मास्तरांनी एकच पेडल घेतलं आणि त्याचा पॅड नुसत्या फरशीवर ठेवला. बाकीचं कोपऱ्यात सरकवलं.

"बस."

भरतेश बसला. पाय पेडलवर ठेवला, पण मारवेना.

"आता कुणासाठी, मास्तर? ज्याला ऐकू जायचं… तो माणूसच राहिला नाही."

मास्तर पलीकडच्या खोलीत गेले. आईच्या मांडीवरचं ताट उचलून त्यांनी बाजूला ठेवलं, तिचा हात धरला आणि भिंतीवरच्या डागावर टेकवला. शेजारी आपलाही टेकवला.

मग तिथूनच हाक दिली.

"भरतेश… जोरात मार. भिंत जाड आहे."