उत्तर नसलेलं अंगण

एका राज्यात अंगणानं माणसं गिळली. आधीच सांगून ठेवते, मागाहून दचकू नका.

अंगण होतं राजवाड्याचं. सहा कोनांच्या पांढऱ्याशुभ्र फरश्या, मधाच्या पोळ्यासारख्या एकीला एक चिकटून बसवलेल्या. एके दिवशी धूम्रकेश जादूगार आला आणि त्यानं राजकन्या इंदुलेखेला मागणी घातली. तिचा भाऊ शतायुध हसला. म्हणाला, "आधी आरशात बघून या!" झालं! जादूगारानं टाळी वाजवली. फरश्या काळ्याठिक्कर पडल्या आणि उभा राजपुत्र दिसेनासा झाला.

"यातल्याच एकीखाली आहे तो," जादूगार म्हणाला. "संक्रांतीचा सूर्य मावळायच्या आत काढा. नाहीतर कायमचा दगड." आणि चालता झाला मेला!

राजा हिरण्यबाहूचं काळीज फाटलं. काळ्या फरश्यांवर पाय पडू नये म्हणून दारापासून मधल्या फरशीपर्यंत फळी टाकली होती. तिच्यावरून तो रोज मधल्या फरशीवर जाई आणि लेकाला हाका मारी. ओ काही येत नसे.

भिंतीवर एक साळुंकी बसे. तिला सगळं ठाऊक होतं, पण विचारावं तर एकच बोले, "या अंगणाला उत्तर नाही." पंडितांनी ऐकलं. उत्तरच नाही तर डोकं कशाला शिणवा? पोथ्या बांधून घरी गेले. सेनापती रणधुरंधर मात्र हट्टी. त्या राज्याची रीतच अशी, की मोहिमेचं पहिलं पाऊल उत्तरेला. त्यानं मधल्या फरशीवरून घोडा थेट उत्तरेला हाणला. गडप! घोडा गेला, सेनापती गेला!

संक्रांत उजाडली. इंदुलेखा मधल्या फरशीवर बसून तिच्या कडा न्याहाळू लागली. पूर्वेला कड, पश्चिमेला कड. आग्नेय, नैऋत्य, वायव्य, ईशान्य, तिथंही कड. उत्तरेला? नुसतं टोक!

ती ओरडलीच, "अगं बाई! उत्तर म्हणजे जबाब नव्हे, दिशा! टोकावरून गेला म्हणून बुडाला सेनापती!"

"कळलं एकदाचं," साळुंकी म्हणाली. "तीन वाटा सांगते. प्रत्येक वाट मधल्या फरशीपासून धर. शेवटच्या दिशेला पाऊल टाकू नकोस, हात टेक. म्हण, उलट."

पहिली वाट: आग्नेय, पूर्व, पूर्व. इंदुलेखेनं हात टेकला. "उलट!" फरशी गर्रकन फिरली, पांढरी झाली, आणि वर आला घोडा! वर येऊन शिंकला. राजाला हसावं की रडावं कळेना.

दुसरी वाट: नैऋत्य, पश्चिम. फरशी फिरली. सेनापती तलवार उपसूनच वर आला, "मारा! कापा!" समोर राजकन्या पाहून वरमला बिचारा.

सूर्य टेकायला आला. राजा मधल्या फरशीवर उभा होता. "पोरी, घाई कर!"

तिसरी वाट: वायव्य, पश्चिम, नैऋत्य, पूर्व, पूर्व. इंदुलेखा धावली. वायव्येला गेली, पश्चिमेला वळली, नैऋत्येला उतरली, पूर्वेला सरकली. मग पुन्हा पूर्वेला वाकून हात टेकला, तो पडला बापाच्या पायांवर.

"बाबा... बाजूला व्हा."

"का गं?"

"बाबा, तुम्ही त्याच्यावर उभे आहात!"

राजा फळीवर मागं कोसळला. "उलट!" फरशी फिरली आणि शतायुध वर आला. धुळीनं माखलेला, घसा बसलेला.

"बाबा," तो म्हणाला, "तुमची एकेक हाक ऐकू येत होती. मी ओ देत होतो."

राजानं लेकाच्या कपाळावरची धूळ आपल्या शेल्यानं पुसली, पुसतच राहिला. उरलेल्या फरश्या आपोआप पांढऱ्या झाल्या. धूम्रकेशाची जादू त्याच्याच अंगावर उलटली, जिथं होता तिथं तो काळा दगड होऊन पडला. घोडा पागेत गेला, पंडित तोंड लपवत दरबारी आले, राज्याचा कारभार सुरळीत चालू लागला.

जसं त्यांना पायाखालचं माणूस सापडलं, तसं तुम्हाआम्हाला वेळेत सापडो.