पानमळ्यातला पाद्री

समुद्रकाठच्या एका गावात बस्त्याव आणि रेमेद हे नवराबायको राहायचे. त्यांचा पानमळा होता. राजानं हुकूम काढला, पाद्री दिसेल तिथं मारा. तेव्हा या दोघांनी म्हाताऱ्या मिंगेल पाद्रीला गडी म्हणून मळ्यात लपवलं. महिन्याभरापूर्वी त्याचा चेला इनासही तिथं लपायला आला. पाद्री व्हायला शिकत होता, जिभेनं मोठा तिखट.

"पाद्रीबाबा, लपायचं तरी किती? क्रिस्तासाठी मरायची वेळ दारात आली, नि तुम्ही वेली बांधत बसलात!"

"घट्ट आवळू नकोस. देठ तुटतो."

"मला विचारतील ना, तर मी छाती काढून पुढे होईन."

"हं..."

त्याच दुपारी शिपाई आले. बस्त्यावच्या मुसक्या बांधल्या. जमादार ओरडला, "पाद्री कोण ते पुढे या. नाहीतर हा मेला म्हणून समजा."

इनास खरंच पुढे झाला. "मीच पाद्री."

जमादारानं त्याचे हात उलटसुलट पाहिले. मऊ, पोथी धरणारे. "हाच. बांधा."

"तो नव्हे," मिंगेल म्हणाला. "मी."

जमादार खो खो हसला. तीन वर्षं राबून म्हाताऱ्याची बोटं हिरवीकाळी पडली होती, तळव्यांना घट्टे. "जा रे थेरड्या, पाणी घाल वेलींना. म्हणे पाद्री!"

मिंगेलनं नुसता उजवा हात वर उचलला, आशीर्वादाला उचलतात तसा...

मळ्यात राबणारी यच्चयावत माणसं गुडघ्यांवर आली. विचार करायला कुणाला सवडच झाली नाही. सगळ्यांत आधी टेकले ते इनासचे गुडघे.

जमादाराचं हसू मावळलं. हुकूम एकट्या पाद्रीपुरता होता. बस्त्यावचे दोर सोडून त्यांनी म्हाताऱ्याला बांधलं.

रेमेद धावत येऊन नवऱ्याला बिलगली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आता कुठं तिचं पोट दिसायला लागलं होतं.

इनास रडकुंडीला आला. "बाबा, मी का वाकलो? उभा राहिलो असतो तर आज मी गेलो असतो. माझं मरण तुम्ही हिसकावलंत!"

मिंगेलनं रेमेदकडे पाहिलं, मग चेल्याकडे.

"माझं काम दिवस मावळायच्या आत उरकेल. त्या लेकराला क्रुसाची खूण करायला शिकवायची, तर तुला चार-पाच वर्षं तरी धीर धरावा लागेल. सोपं काम म्हाताऱ्यानं उचललं... रागावलास?"