मधली आळी

फार फार जुन्या काळी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या उतारावर एक नगर वसलेलं होतं. लहानांनो, तुम्ही भिऊ नका. थोरांनो, तुम्ही मात्र थोडे भ्यालात तरी चालेल.

त्या नगरात तीन आळ्या होत्या. वरच्या आळीत तिमजली हवेल्या. खालच्या आळीत एकमेकांना खेटून उभी असलेली गवताची छपरं. आणि दोन्हींच्या मधे, डोंगराच्या कंबरेला आवळलेल्या पट्ट्यासारखी मधली आळी. तिथे शिंपी, तांबट, वैद्य, पंतोजी असे लोक राहत. त्यांच्या घरी दोन वेळा चूल पेटे, सणाला गोडधोड होई आणि पोरं अक्षरं गिरवत. फार काही नव्हतं, पण पुरेसं होतं.

याच आळीत हौसा कासारीण एकटीच राहायची. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून ती वरही जाई, खालीही जाई. नगरातल्या बहुतेक बायकांचे हात तिच्या हातात येऊन गेले होते.

एके सकाळी धुकं विरलं आणि हौसा दारातच थबकली. समोरचं शिंप्याचं घर नव्हतं. पडलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. नव्हतंच. डावीकडची तांबटाची भिंत उजवीकडच्या वैद्यबुवांच्या भिंतीला येऊन चिकटली होती. मधे फट नाही. दोन्ही भिंतींवरून एकच शेवाळ पसरलं होतं, कित्येक वर्षांचं असावं तसं.

"तांबटदादा, शिंप्याचं घर कुठं गेलं हो?"

तांबटाने हातोडी थांबवली नाही. "वर गेला असेल. दिवस पालटले त्याचे. आता कशाला ओळख ठेवतोय?"

"छे!" वैद्यबुवा खिडकीतून म्हणाले. "घसरला खाली. हात सैल होता त्याचा. मी सांगतच होतो."

दोघांची चांगलीच जुंपली. भिंतीकडे मात्र दोघांनीही मान वळवून पाहिलं नाही.

हौसा वर गेली. तिथल्या एका शेठाणीच्या हातात बांगड्या भरताना तिने विचारलं, "वहिनीसाहेब, आमचा शिंपी इकडं राहायला आलाय का?"

"आमच्यात आला असता तर दिसला नसता का? खालीच असेल. ज्याला कष्ट नकोत त्याची हीच गत." शेठाणीने हात पुढे केला. तिची ओसरी हौसाला कालच्यापेक्षा लांब वाटली. टोकाचा खांब नीट दिसतसुद्धा नव्हता.

खालच्या आळीत एक म्हातारी कोंडा पाखडत बसली होती. ती म्हणाली, "खाली आला असता तर अर्धी भाकर दिली असती की. वर गेला बया तो. वर गेलेल्याला खालचं दिसत नाही." तिच्या झोपडीत कालपर्यंत दोघी राहत. आज आत अंधारात पुष्कळ माणसं उकिडवी बसलेली होती.

मग पंतोजींचं घर गेलं. मग सुताराचं. दर वेळी भिंती सरकत, चिकटत, आणि शेवाळ त्यांच्यावरून सरळ पुढे जाई. आळी इतकी आखूड झाली की एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येऊ लागलं.

शेवटी नगराच्या कारभाऱ्याने दवंडी पिटली. भर दुपारी सगळे चावडीवर जमले. कारभारी म्हणाला, "लोकांचं मत घेऊ. मधल्या आळीची माणसं वर गेली असं ज्यांना वाटतं त्यांनी पांढरा खडा टाकावा. खाली गेली असं वाटतं त्यांनी काळा."

खड्यांचे दोन ढीग वाढू लागले. खडा टाकला की माणसाला आपण काहीतरी केलं असं वाटे, आणि तो समाधानाने घरी जेवायला जाई.

हौसा पुढे झाली. "मी म्हणते, शोधायला जाऊ या ना आधी!"

"बाई, खडा कुठला टाकणार ते सांगा," कारभारी म्हणाला. "मागे माणसं खोळंबली आहेत."

तिने खडा टाकला नाही. ती तांबटाच्या मागोमाग घरी निघाली. तांबट खुशीत होता. त्याचा पांढरा ढीग मोठा होता. आळीत शिरला आणि त्याचे पाय थांबले. वैद्यबुवांची भिंत आता थेट कोपऱ्यावरच्या चिंचेला भिडली होती. तांबटाचं घर नव्हतं.

त्याने भिंतीवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी पुसल्यासारखं झालं.

"तांबटदादा?"

"कोण तांबट?" तो शांतपणे म्हणाला. "मी खालच्या आळीतला. आमच्या पिढ्या तिथंच गेल्या." आणि तो उतार उतरू लागला.

हौसा त्याच्या मागे गेली. तो एका झोपडीत शिरून माणसांच्या गर्दीत उकिडवा बसला. ती हाका मारत राहिली, "तांबटदादा! अहो तांबटदादा!" त्याने वळून पाहिलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं शेजारी राहून या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. विचारलंच नाही कधी.

त्याच अंधारात एक बाई गोणपाट शिवत होती. हौसाने तिचा हात हातात घेतला आणि मनगट ओळखलं.

"अनसूया! अगं, तू शिंप्याची अनसूया!"

"मी इथलीच," बाई म्हणाली. तिचा आवाज रिकाम्या घागरीतून यावा तसा येत होता. "तुम्ही कोण?"

"तुझ्या लग्नात चुडा मी भरला. शेवटची बांगडी चढेना तेव्हा तू ओठ चावलास, पण रडली नाहीस. तुझ्या आईनंच डोळ्याला पदर लावला. आठव, अनसूया. अनसूया!"

हौसा बोलतच राहिली. घसा बसला तरी थांबली नाही. सावल्या लांबल्या तेव्हा कुठे त्या बाईची सुई थांबली. तिने स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं आणि ती हमसून रडू लागली. "माझं घर," ती म्हणाली, "घर कुठं आहे माझं?" शेजारी डोकं गुडघ्यात घालून बसलेल्या नवऱ्याला तिने नावाने हलवलं. तोही दचकून उठला.

तिघं उतार चढून मधल्या आळीत आली. वैद्यबुवांच्या भिंतीला हातभर भेग पडली होती आणि आत शिंप्याच्या दाराची चौकट दिसत होती. हौसा हसली आणि आपल्या घराकडे वळली.

तिथे सपाट भिंत होती.

हौसाने माळा खाली ठेवल्या. या काचेच्या वस्तू कशाच्या, तिला कळेना. आपण इथे कुणाकडे आलो होतो? खाली जायला हवं, पाय आपोआप निघाले होते.

अनसूयाने तिचं मनगट घट्ट धरलं. "हौसावन्सं! तुम्ही हौसा. हौसा कासारीण. हे तुमचं दार. इथंच तुम्ही मला पहिल्यांदा मूग भाजायला शिकवलंत. हौसा!"

भिंत कण्हली आणि हळूहळू बाजूला सरकली.

त्यानंतर तिघंही खालच्या आळीत फिरली. ज्याचं नाव कुणाला आठवलं तो माणूस परत आला. पंतोजी आले, सुतार आला. तांबट आला नाही. त्याचं नाव सांगणारा कुणी उरलाच नव्हता. आणि एके सकाळी वैद्यबुवाही दिसेनात. त्यांना सगळे बुवाच म्हणत.

वरच्या आळीने शोधात पाऊल टाकलं नाही, खालच्यानेही नाही. चावडीवर ढीग मोजणं चालू होतं.

त्याच वर्षी डोंगर हलला. तांबट आणि वैद्यबुवांच्या घरांच्या जागी माती धरून ठेवायला काहीच नव्हतं. तिथून उतार फाटला आणि वरच्या हवेल्या, खांबांसकट, खालच्या छपरांवर येऊन पडल्या. वरचा कोण आणि खालचा कोण, हे त्या मातीत ओळखू येईना. जे वाचले ते मधल्या आळीच्या उरलेल्या तुकड्यावर चढून आले आणि शिंप्याच्या ओसरीत दाटीवाटीने बसले. हौसा एकेकाजवळ गेली आणि प्रत्येकाला त्याचं नाव विचारू लागली.

तात्पर्य: मधला माणूस वर गेला की खाली, यावर नुसतं मत देत बसणाऱ्या नगराचं शेवटी वरही ढासळतं आणि खालचंही गाडलं जातं.