भिरीचं वळण

माळावर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सांबी नावाची हरिणी आपल्या पाडसाला, भिरीला, पळायला शिकवत होती.

"लांडगा आला की सरळ पळू नकोस, बाळा. वळत राहा," ती म्हणाली. ती स्वतः कितीदा तरी अशीच वाचली होती.

"कशी वळू, आई?"

सांबीने सावकाश धावून एक मोठं गोल वळण दाखवलं. भिरीने ते तंतोतंत गिरवलं. कळपातल्या हरिणी कौतुकाने बघत राहिल्या.

एका सकाळी लांडगा आला. भिरी शिकवल्याप्रमाणेच धावली, एकाच वेगाने, तेच गोल वळण घेत. लांडग्याने क्षणभर नुसतं पाहिलं. मग तो तिच्या मागे गेलाच नाही. ती पुढे जिथे पोचणार होती, त्या जागी तो सरळ धावत गेला, आणि भिरी आपणहून त्याच्यासमोर आली.

काही दिवसांनी तोच लांडगा सांबीच्या मागे लागला. भिरी गेल्यावर तिला जगायचं नव्हतं, पण पाय धावले. धावताना तिला पहिल्यांदाच उमगलं, की आपले पाय एकसारखे वळतच नाहीत. लांडगा जवळ आला की वेग एकदम कमी होतो, वळण आवळत जातं, मग पुन्हा झेप सुटते. लांडगा दर वेळी चुकीच्या जागी पोचत होता. शेवटी तो दमून परत फिरला.

सांबी धापा टाकत गवतात उभी राहिली.

"भिरे," ती म्हणाली, "हे माझ्या पायांना ठाऊक होतं गं. मला नव्हतं."