खलिता अडवणारे तेरा प्रश्न

सरहद्दीवरचा खलिता राजधानीत पोचायला पाच दिवस लागले, आणि तोवर लुटारू बाजार धुऊन पसारही झाले! राजा वीरभान खवळला. "पूर्वी दोन दिवस लागायचे! टाका तो घेऊन आलेल्या लुमाजी हरकाऱ्याला कोठडीत!"

लुमाजीची लेक ठकू चौकीवर हरकाऱ्यांचा स्वयंपाक करायची. खरी गोम तिला ठाऊक होती. हरकारे कुठे रेंगाळतात ते कळावं म्हणून दप्तरदार नरहरपंतांनी वाटेतल्या पन्नासही चौक्यांवर कारकून बसवले होते. धापा टाकत आलेल्या गड्याला कारकून तेरा प्रश्न विचारी. कधी निघालास? पाणी किती वेळा प्यालास? कुठली वहाण जास्त झिजली? शाई वाळेपर्यंत खलिता पुढच्या गड्याच्या हाती द्यायचा नाही!

ठकू तडक दरबारात गेली. "सरकार, माझा बा पळतोच आहे. अडवतंय ते तुमचं दप्तर!"

"वा!" पंतांनी नाक मुरडलं. "चुलीपुढची बाई आम्हाला कारभार शिकवणार! माहितीवाचून राज्य काय अंदाजानं हाकायचं?"

राजा हट्टाला पेटला. "प्रत्येक चौकीचा हाल मला कळलाच पाहिजे, आणि खलित्याला निमिषभरही उशीर होता कामा नये! जमव, नाहीतर तूही बापाशेजारी!"

पंतांचं कुत्सित हसू पाहून ठकूचं डोकंच तडकलं. "आज सरकारांचं पान मी वाढते. उपाय तिथंच सांगते."

राजानं पहिला घास उचलला, तोच ठकू कडाडली, "थांबा! घास किती बोटांनी उचललात? कुठल्या दाढेनं चावणार? पंत, लिहा!"

पंत सवयीनं लिहूही लागले! दुसऱ्या घासाला तेच. तिसऱ्याला राजा ओरडला, "अगं, भात गार झाला!"

"होईना का! सरकार जेवतात कसे, ते तर दप्तरात आलं!"

"दप्तर घाल चुलीत! गरम भात आण!"

ठकूनं चुलीवरचं पातेलंच आणून ठेवलं. राजानं एक शीत बोटांत चेपलं. "कच्चा आहे हा!"

"अख्खं पातेलं न चिवडता कळलं?"

"शितावरून भाताची परीक्षा! एवढं न कळायला मी काय पंत आहे?"

"मग सरकार, शंभरांतल्या एकाच खलित्याची वेळ टिपा. कारकुनानं लांबूनच बघायचं, गड्याला हाक मारायची नाही. तो एक खलिता पन्नासही चौक्यांवरून जातो, म्हणजे एकही चौकी सुटत नाही. जिथं वेळ जास्त दिसेल, तिथं जाऊन काय विचारायचं ते विचारा!"

हसता हसता राजाला ठसका लागला. "सोडा लुमाजीला! आणि पंत, दप्तराच्या किल्ल्या ठेवा खाली. आजपासून साऱ्या चौक्या ठकूच्या हाताखाली!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं ठकूपुढे ठेवलं. "हे घे. पण बाई, आधी तो भात शिजवून आण!"