डोंगळ्याचं घर गेलं बॅटरीत

एक होता डोंगळा. काळा काळा. भारी रागीट! त्याचं घर करवंटीचं. नारळाच्या डोळ्याचं गोल गोल दार.

एकदा तो साखरेचा दाणा आणायला गेला. परत आला. बघतो तर काय? घरच नाही!

शेवंतामावशी करवंट्या जाळून कोळसा करायची. डोंगळा ओरडला, "मावशे, माझं घर कुठे?"

"अगं बाई! सगळ्या करवंट्या गोळा केल्या, त्यात तुझीही गेली. भट्टीत जळली. कोळसा झाला. कोळसा गेला पंपाच्या बॅटरीत!"

"न विचारता? दे दुसरी करवंटी!"

"देत नाही जा. आधी माडाला सांग, नारळ टाक."

डोंगळ्याला आला राग. असा राग, असा राग! तुम्हाला नसता आला? निघाला तुरुतुरु तुरुतुरु.

"माडा माडा, नारळ टाक! मावशी करवंटी देईना, मी राहू कुठे? चावेन हं, कडकडून!"

"टाकत नाही जा. आधी पंपाला सांग, पाणी दे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पंपा पंपा, पाणी दे! माड नारळ टाकेना, मावशी करवंटी देईना, मी राहू कुठे? चावेन हं, कडकडून!"

"देत नाही जा. आधी बॅटरीला सांग, जागी हो."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बॅटरी बॅटरी, जागी हो! पंप पाणी देईना, माड नारळ टाकेना, मावशी करवंटी देईना, मी राहू कुठे? चावेन हं, कडकडून!"

"होत नाही जा. माझ्या पोटात मीठ आहे, ते कोळशात शिरलं की मी जागी होते. आधी त्याला सांग, कोळशात शिर."

डोंगळा फटीतून आत घुसला.

"मिठा मिठा, कोळशात शिर! बॅटरी जागी होईना, पंप पाणी देईना, माड नारळ टाकेना, मावशी करवंटी देईना, मी राहू कुठे? चावेन हं, कडकडून!"

मीठ मुसमुसलं, "शिरत नाही जा. आत काळोख आहे. मला भीती वाटते."

डोंगळ्याने कोळसा पाहिला. हुंगला. ओळखला!

"भीती? अरे, हे तर माझंच घर! जळलं, काळं झालं, तरी माझंच! आत खोल्याच खोल्या आहेत. जा, बस! आणि पसारा करू नकोस!"

मीठ शिरलं, सुळसुळ. बॅटरी जागी झाली, टिंग! पंपाने पाणी दिलं, भकभक भकभक. माडाने नारळ टाकला, धप्प! मावशीने फोडला, फटाक! करवंटी दिली. गोल गोल दाराची.

डोंगळा आत गेला. पण राग काही गेला नाही! दारातून डोकं काढून म्हणाला, "मावशे, आधी टकटक करायचं!"

आता मावशी भट्टीत टाकण्याआधी एकेक करवंटी वाजवते. टकटक!

"आहे का रे कोणी घरात?"

"आहे! हात लावू नकोस. चावेन हं, कडकडून!"