अडलेल्याची जागा

एकदा एक मुलगी निवृत्त मुख्याध्यापकांच्या ओट्यावर येऊन बसली आणि बसल्या बसल्या तिने वहीतले एक पान टर्रकन फाडले. मुख्याध्यापक म्हणजे तालुक्याच्या गावातले घोरपडे सर आणि मुलगी त्यांची जुनी विद्यार्थिनी, ऋजुता. तिला कायद्याच्या कॉलेजात जायचे होते. तिथल्या प्रवेशपरीक्षेत तर्काची कोडी असतात: इतकी माणसे, इतक्या जागा, अमक्याच्या शेजारी तमका नको, आता सांगा कोण कुठे. पस्तीस मिनिटांत अशी चार कोडी. गेल्या वर्षी तिची दोनच सुटली आणि प्रवेश हुकला. यंदाची खेप शेवटची, असे घरात ठरले होते. नाही जमले तर मामाच्या ओळखीने मिळेल तिथे नोकरीला चिकटायचे.

घरी आणखी एक होते. तिच्या वडिलांची, अण्णांची, मूत्रपिंडे निकामी झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावे लागे. आई शाळेत पोषण आहार शिजवायला जाई, म्हणून ते काम ऋजुताकडे. ती ते बिनतक्रार करी. पण ते दोन दिवस मनात सलत, आणि सलतात म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटे.

"मला डोकंच नाही, सर," ती म्हणाली. "सगळे बसतात आणि शेवटी एक जण उरतोच. मग खोडायचं, परत मांडायचं, तोवर वेळ संपतो."

सर हसले. त्यांनी तीस वर्षे शाळेचे वेळापत्रक एकहाती केले होते. ज्याने शाळेचे वेळापत्रक केले नाही त्याने माणसांच्या हट्टीपणाविषयी बोलू नये, असे त्यांचे स्वच्छ मत होते. त्यांनी फाटलेल्या पानाच्याच सहा चिठ्ठ्या केल्या आणि एकेकीवर एकेक विषय लिहिला.

"सहा तास, सहा विषय. खेळ सहाव्या तासाला, कारण मैदान तेव्हाच मोकळं. विज्ञानाचे सर एस.टी.ने येतात, पाचव्या तासाआधी पोचत नाहीत. गणित विज्ञानाच्या लगतच पाहिजे. मराठी, इतिहास, चित्रकला कुठंही चालतील. मांड बघू."

ऋजुताने सवयीने गणित पहिल्या तासाला ठेवले. सकाळी डोके ताजे असते, सगळ्या शाळा तेच करतात. मग मराठी, इतिहास, चित्रकला भराभर लावून टाकले. विज्ञान पाचवे, खेळ सहावा. विज्ञानालगतची चौथी जागा चित्रकलेने घेतली आणि गणित राहिले पार दुसऱ्या टोकाला. ती पुन्हा सगळे विस्कटू लागली.

तेवढ्यात सरांनी मराठी, इतिहास आणि चित्रकला या तीन चिठ्ठ्या उचलल्या, सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि अडकित्ता काढून निवांतपणे सुपारी कातरू लागले.

"सर, निम्मे विषय तर तुमच्याकडेच."

"राहू देत. उरलेले मांड."

उरलेल्यांना वाव तरी कुठे होता? खेळ सहावा, विज्ञान पाचवे, गणित चौथे. ऋजुताने चिठ्ठ्या तशा लावल्या. "हे तर आपोआपच झालं," ती म्हणाली.

"होणारच. जे कुठंही बसतात त्यांना तू आधी बसवतेस. सोपं पडतं, जागा भरलेल्या दिसतात, मनाला बरं वाटतं. आणि ज्याला एकच जागा होती, त्याची ती जागा तेवढ्यात गेलेली असते. ज्याला हलता येत नाही, त्याला आधी जागा द्यावी, बाळ. मोकळ्या माणसाचं कुठंही भागतं."

मग सरांनी तिच्या अभ्यासाचे वेळापत्रक मागितले. तिने जरा आढेवेढे घेत वहीतून काढून दिले. पेन्सिलीने नीट आखलेले, रोज बारा तास. मंगळवार आणि शुक्रवारच्या चौकोनांत मात्र लाल शाईने एकच शब्द होता: वाया.

सरांनी खोडरबर घेतले आणि त्या दोन चौकोनांखेरीज सगळे पुसून टाकले. महिनाभराची आखणी गेली. ऋजुताचा चेहरा उतरला. सरांनी मग त्या लाल शब्दांवर रेघ मारली आणि शेजारी लिहिले: अण्णा.

"तुझ्या वडिलांचा वार हलवता येतो का?"

"नाही, सर."

"मग त्यांची जागा पहिली. तू त्यांना शेवटी बसवत होतीस, म्हणून दर आठवड्याला हे वेळापत्रक मोडत होतं आणि राग त्यांचा येत होता." सरांचा आवाज खाली आला. "राग आला म्हणून तू वाईट मुलगी होत नाहीस. मांडणी चुकली होती, एवढंच."

ऋजुताला रडू आले. सरांनी ते रडणे पुरते होऊ दिले.

पुढच्या मंगळवारपासून तिची कोडी दवाखान्यात सुटू लागली. मशीन चार तास चाले. अण्णा मोकळ्या हातात घड्याळ धरून बसत आणि परीक्षकाहून कडक आवाजात म्हणत, "पस्तीस झाली. ठेव पेन." कुणी कुणाच्या शेजारी बसायला तयार नाही, असे कोडे आले की ते म्हणत, "हे आपल्या भावकीतले दिसतात." बापलेक इतके हसत की एकदा सिस्टर रागावल्या. आजारपण आल्यापासून ती दोघे एकमेकांशी इतके बोलली नव्हती.

परीक्षेत तिची चारही कोडी सुटली. गुणही चांगले पडले. कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा ती कागद घेऊन सरांकडे गेली.

सरांनी चष्मा लावला. अर्जातल्या कॉलेजांच्या रकान्यात अजून काहीच भरलेले नव्हते. सोबतच्या कागदावर तीन शहरांतल्या दवाखान्यांची नावे होती आणि प्रत्येकापुढे फोन करून विचारलेले: मंगळवारी आणि शुक्रवारी मशीन मिळेल का. एका नावाभोवती वर्तुळ होते.

"याच्या जवळ दोन कॉलेजं आहेत, सर. दोन्ही चांगली आहेत. त्यातलं कुठलंही मिळालं तरी चालेल मला."

"आणि अण्णा?"

"येतायत ना माझ्याबरोबर. आई सुट्टीला येत जाईल. त्यांचं आधी ठरवलं, मग बाकीचं काही अवघड राहिलं नाही."

सरांनी कागद तिला परत दिला. त्यात तपासण्यासारखे काही उरले नव्हते.